"जुन्या डिरेक्टऱ्यांत फक्त इंग्रज सापडतात" : फ्रेंच-कॅनेडियन वंशावळीबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

फ्रेंच-कॅनेडियन घराण्याचा शोध घेणाऱ्याला सुरुवातीलाच एक सल्ला हमखास मिळतो. तो साधारण असा: "कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या चर्चच्या नोंदी 1621 पासून आहेत, जवळजवळ अखंड आहेत आणि आता घरबसल्या दिसतात. जुन्या शहर-डिरेक्टऱ्या (रहिवाशांची नावं, धंदे आणि पत्ते यांच्या छापील याद्या) आणि गॅझेटिअर (स्थलकोश) यांच्या नादी लागू नका. त्या इंग्रजांनी इंग्रज व्यापाऱ्यांसाठी छापल्या. त्यांत बायका नाहीत, मजूर नाहीत, नावं चुकलेली आहेत, पत्ते आज जुळत नाहीत. आणि गॅझेटिअरचं काम तर आता नकाशाच करतो."

यातला चर्चच्या नोंदींबद्दलचा भाग बराचसा खरा आहे. क्वेबेक शहरातली सुरुवातीची वही 1640 च्या आगीत जळाली आणि नंतर आठवणीतून पुन्हा लिहिली गेली, पण पुढच्या काळात वह्या दोन प्रतींत ठेवल्या जात. एक पॅरिशमध्ये, म्हणजे त्या हद्दीच्या चर्चमध्ये, राही, दुसरी न्यायालयात जाई, म्हणून एक गेली तरी दुसरी उरे. लग्नाच्या नोंदीत वधू-वरांच्या आईवडिलांची नावं मिळतात आणि आईचं नाव माहेरच्या आडनावासह असतं. इतकी श्रीमंत नोंद फार थोड्या देशांत आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. क्वेबेकमध्ये खरी अडचण एकाच नावाची माणसं ढिगाने असण्याची आहे, आणि त्यातला आपला माणूस कोणता हे ठरवायला चर्चची वही बहुतेक वेळा एकटी पुरत नाही.

"चर्चची नोंद आहे, मग बाकी कशाला?"

माँट्रियल घ्या. 1860 च्या दशकापर्यंत अख्ख्या शहरातले कॅथलिक कागदोपत्री नोत्र-दाम या एकाच पॅरिशचे होते. बिशप बुर्झे यांनी ती फोडायला घेतली आणि 1866-67 पासून नवी पॅरिशेस निघू लागली. म्हणजे त्याआधीच्या वहीत शहरभरचे जोसेफ रुआ एकाखाली एक येतात. त्यात बाप्तिस्म्याच्या वेळी जवळजवळ प्रत्येक मुलाला जोसेफ आणि प्रत्येक मुलीला मारी हे नाव लागे, हाक मारायचं नाव बहुधा शेवटी येई. वहीतला "जोसेफ लुई आल्फाँस" घरात, गल्लीत आणि कारखान्यात नुसता आल्फाँस असे. डिरेक्टरी छापणाऱ्याचा माणूस दारावर येई तेव्हा त्याला आल्फाँसच सांगितलं जाई. त्यामुळे वापरातलं नाव कोणतं, हे डिरेक्टरी सांगते आणि बाप्तिस्म्याची वही सांगत नाही.

एक उदाहरण बघू. समजा, 1870 च्या दशकात दोन जोसेफ रुआ आहेत. दोघांच्या बायका मारी, दोघांना दर दोन वर्षांनी मूल. वहीत एकाचा धंदा मनुइझिए म्हणजे सुतार, दुसऱ्याचा शारतिए म्हणजे गाडीवान. डिरेक्टरीत तेच जॉइनर आणि कार्टर म्हणून येतील, एक पूर्वेला शाँप्लें रस्त्यावर, दुसरा पश्चिमेला सँत-कुनेगोंदमध्ये. वहीत ज्यांना झुर्नालिए म्हटलंय ते लेबरर. ही धंद्यांची जोडी आधी पाठ करून घ्यावी, ती नसेल तर माणूस समोर असून ओळखू येत नाही.

कामाची रीत अशी. ज्या घटनेची तारीख नक्की माहीत आहे, उदाहरणार्थ एका मुलाचा बाप्तिस्मा, तिच्या मागची तीन आणि पुढची तीन वर्षं घ्या. प्रत्येक आवृत्तीतून त्या नावाच्या सगळ्या ओळी उतरवा, फक्त "आपल्या" वाटणाऱ्या नव्हेत. रकाने पाच: आवृत्तीचं वर्ष, नाव जसं छापलंय तसं, धंदा, रस्ता आणि क्रमांक, शेरा. सात वर्षांचा तक्ता झाला की माणसं आपोआप वेगळी होतात, कारण गाडीवान सहसा एका वर्षात सुतार होत नाही आणि घर बदललं तरी बहुधा दोन-चार गल्ल्यांच्या आतच बदलतं. मग पत्त्यावरून पॅरिश काढायची आणि त्या पॅरिशची वही उघडायची. वही शेवटी उघडायचीच आहे, फक्त कोणती ते कळल्यावर. एक सावधगिरी: बाप्तिस्मा आणि लग्न नव्या पॅरिशमध्ये झालं तरी शहरातली अनेक दफनं नोत्र-दामच्याच वहीत आहेत, कारण 1854 मध्ये स्थापन झालेलं नोत्र-दाम-दे-नेज हे दफनस्थान त्या पॅरिशच्या ताब्यात होतं.

"त्या इंग्रजांच्या, इंग्रजांसाठी"

भाषा इंग्रजी होती हे खरं. माणसं मात्र दोन्ही भाषांची होती. माँट्रियलची पहिली डिरेक्टरी टॉमस डॉइज यांनी 1819 मध्ये काढली. तिच्या नावातच व्यापारी, दुकानदार आणि घरधनी असे तिन्ही आहेत. 1842 पासून मॅके यांची आणि पुढे लव्हेल यांची मालिका सुरू झाली ती शंभराहून जास्त वर्षं चालली. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती पानापानाने मोफत बघायला ठेवली आहे. क्वेबेक शहरात तर पहिली डिरेक्टरी 1790 ची, आणि पुढे तिथे शेरिए, बुलांजे, मार्कोत अशा फ्रेंच नावांच्या प्रकाशकांनीच हे काम केलं.

भाषेमुळे नाव बिघडतं, पण बिघडण्याला पद्धत असते. उच्चारण चिन्हं गळतात. "सँ" ने सुरू होणारं आडनाव कधी पूर्ण सेंट धरून वर्णानुक्रमात लावलेलं असतं, कधी दोन अक्षरी संक्षेप धरून, म्हणून दोन्ही जागा बघाव्या लागतात. सगळ्यात जास्त फसवतं ते "दी" नाव, म्हणजे आडनावाला चिकटलेलं दुसरं आडनाव. उदो दी बोल्यो घराण्यातला एक भाऊ उदो म्हणून छापला जातो, दुसरा बोल्यो म्हणून. रिव्हार दी लोराँझे असेल तर एकाच घरातले लोक दोन वेगळ्या अक्षरांखाली. शोधाआधीच त्या घराण्याची सगळी "दी" नावं कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक आवृत्तीत प्रत्येक नाव बघा.

यंत्राने वाचलेल्या मजकुरात शोधून "नाव नाही" असं ठरवू नका. बारीक टाइप, दाटीचे रकाने, कुठे आडनाव एकदाच छापून खाली नुसत्या रेघा. शोधयंत्राला त्या रेघेत काही दिसत नाही. वर्णानुक्रम आहे, तेव्हा पान उलटत जाणं हेच जलद. आणि पुढच्या पानांत "उशिरा आलेली नावं" अशी पुरवणी असेल तर तीही बघा. मेमध्ये, भाडेकरार बदलताना, घर बदललेले लोक नेमके तिथे जाऊन बसतात.

"बायका नाहीत, मजूर नाहीत"

मजूर आहेत, भरपूर आहेत. शहरी डिरेक्टरीत लेबरर हा शब्द पानोपानी दिसतो. वगळला जातो तो घराचा प्रमुख नसलेला माणूस: भावाच्या घरी राहणारा, खानावळीतला, नुकताच गावाहून आलेला. कमावत्या तरुणांचं नाव येतं तेव्हा पुढे राहायला असल्याचा बीडीएस हा संक्षेप असतो, म्हणजे बोर्ड्स. तोच क्रमांक वडिलांच्या ओळीला असेल तर नातं जवळजवळ हाती आलं. तरी ते चर्चच्या नोंदीने पक्कं करावंच लागतं. डिरेक्टरी नातं सिद्ध करत नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर तेही चूकच.

बायकांबद्दलची तक्रार अर्धी खरी. नवरा जिवंत असेपर्यंत बाई बहुतेक दिसत नाही. तो गेल्यावर मात्र ती विधवा म्हणून, बऱ्याचदा त्याच्या नावासकट येते. हाच तिचा सगळ्यात मोठा उपयोग. एका आवृत्तीत नवरा, पुढच्या आवृत्तीत त्याच पत्त्यावर विधवा: मृत्यू या दोन आवृत्त्यांच्या मधला, म्हणजे दफनाची नोंद शोधायला साधारण बारा-चौदा महिन्यांची चौकट मिळाली. शिवणकाम करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या बायका स्वतःच्या नावाने सापडतात. चर्चच्या वहीत बाईला माहेरचं आडनाव आणि डिरेक्टरीत सासरचं, एवढं लक्षात ठेवलं की दोन्ही कागद एकमेकांना जोडता येतात.

"पत्ते जुळत नाहीत"

जुळत नाहीत, कारण क्रमांक बदलले. 1920 च्या दशकात माँट्रियलच्या अनेक रस्त्यांना नवे क्रमांक मिळाले. 1870 चा 114 आजच्या 114 वर शोधायला गेलात तर भलत्याच दारात पोचाल. नावंही बदलली: डॉर्चेस्टर रस्ता 1987 पासून रेने-लेव्हेक, क्रेग आता सँतांत्वान. यावरचा उपाय डिरेक्टरीतच आहे. मागच्या भागात रस्त्यावार यादी असते आणि घरांच्या ओळींच्या मध्ये आडवा रस्ता कुठे येतो ते छापलेलं असतं. आपलं घर कोणत्या दोन आडव्या रस्त्यांच्या मध्ये पडतं ते बघा आणि तो ठोकळा हॉपकिन्स यांच्या 1879 च्या नकाशासंग्रहात किंवा गोड यांच्या विमा-नकाशांवर शोधा. क्रमांक कितीही बदलले तरी चौक सहसा हलत नाहीत. त्याच यादीत शेजाऱ्यांची नावं मिळतात, आणि बाप्तिस्म्याच्या धर्मपिता-धर्ममातेची आडनावं तिथे दिसली तर थांबून नीट बघावं.

वर्षाबद्दल एक गोष्ट. क्वेबेकमध्ये भाडेकरार 1 मेला बदलत (1970 च्या दशकात ती तारीख 1 जुलैवर गेली). म्हणून त्या काळच्या कितीतरी आवृत्त्यांवर 1868-69 असं जोडवर्ष आहे. ती मे-जूनच्या परिस्थितीची नोंद आहे. मार्च 1869 मध्ये जन्मलेल्या बाळाचं घर शोधायला 1868-69 चीच आवृत्ती घ्यायची, 1869-70 ची नाही.

आणि "डिरेक्टरीत नाव गायब, म्हणजे अमेरिकेला गेला" हा निष्कर्ष घाईचा आहे. आधी उपनगरं बघा. ओशलागा 1883 मध्ये, सँ-झाँ-बातिस्त 1886 मध्ये, सँ-आंरी आणि सँत-कुनेगोंद 1905 मध्ये, मेझोनव्ह 1918 मध्ये शहरात आले. त्याआधी त्यांच्या याद्या शहराच्या मुख्य वर्णानुक्रमात न शोधता उपनगरांच्या वेगळ्या भागात शोधाव्या लागतात. दोन गल्ल्या पश्चिमेला सरकलेलं कुटुंब मुख्य यादीतून नाहीसं होतं ते असं.

"गॅझेटिअरचं काम नकाशा करतो"

मराठी वाचकाला गॅझेटिअर म्हटलं की मुंबई इलाख्याचे जिल्हावार जाडजूड खंड आठवतात. क्वेबेकची बरीच पुस्तकं वेगळ्या घडणीची आहेत: गावांचा वर्णानुक्रमे कोश. नकाशा आजचं नाव आजच्या जागी दाखवतो. शोध मात्र कालच्या नावाचा असतो. इंग्रजी कागदात मरे बे लिहिलेलं गाव म्हणजे ला माल्बे. विल्यम हेन्री म्हणजे सोरेल. थ्री रिव्हर्स म्हणजे त्र्वा-रिव्हिएर. चर्चची वही तिसरंच नाव सांगते: रिव्हिएर-वेलची पॅरिश नोत्र-दाम-द-लिएस, त्र्वा-पिस्तोलची नोत्र-दाम-दे-नेज. माँट्रियलच्या दफनस्थानाचं नावही तेच, म्हणून इथे अनेकजण चुकतात. परगण्यांचं तसंच. 1792 चे कॉर्नवॉलिस, डेव्हन, हर्टफर्ड, लिन्स्टर 1829 मध्ये मोडीत निघाले. कॉर्नवॉलिसचे कामुरास्का आणि रिमुस्की झाले. जोसेफ बुशेत यांचं 1815 चं वर्णन जुन्या परगण्यांनी लिहिलंय, त्यांचाच 1832 चा स्थलकोश नव्यांनी. दोन्ही शेजारी ठेवले की कोणत्या कागदाला कोणती चौकट लावायची ते कळतं.

सगळ्यात उपयोगी पुस्तक 1925 चं, ओर्मिस्दास माग्नाँ यांचा पॅरिशांचा कोश. पॅरिश कधी स्थापन झाली, वह्या कोणत्या वर्षी उघडल्या, कोणत्या जुन्या पॅरिशमधून ती फुटली, हे त्यात मिळतं. पूर्वजाचं गाव माहीत आहे, जन्म 1835 चा, आणि वह्या उघडल्या 1842 मध्ये, असं असेल तर त्या गावच्या वहीत तो कधीच सापडणार नाही. तो मूळ पॅरिशच्या वहीत आहे. हे एक वाक्य वाचायला दोन मिनिटं लागतात. न वाचता लोक महिनोन् महिने चुकीच्या वहीत शोधत राहतात, आणि याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

ग्रामीण शेतकऱ्याचं नाव प्रांतिक डिरेक्टरीत मिळेलच असं नाही. 1871 ची लव्हेलची क्वेबेक प्रांताची डिरेक्टरी उघडा, तिथे गावाच्या नोंदीत पाद्री, डॉक्टर, दुकानदार भेटतील, आणि नोटरीही. तो नोटरी सोन्याचा. क्वेबेकमध्ये लग्नाचे करार, जमिनीची खरेदी, मृत्युपत्रं, म्हाताऱ्या आईवडिलांनी मुलाच्या नावे शेत करून देण्याचे दस्त हे सगळं नोटरीकडे होई, आणि अभिलेखागारात हे दप्तर गावावार नव्हे, नोटरीच्या नावाने लावलेलं आहे. नाव माहीत नसेल तर दप्तर मागताच येत नाही. लग्नाचा करार हवा असेल तर वधूच्या गावचा नोटरी आधी बघा.

शेवटी दोन भोकं, जिथे डिरेक्टरीला पर्यायच नाही. कॅनडाच्या 1851 च्या जनगणनेतली माँट्रियलची बहुतेक पानं हरवली आहेत. अमेरिकेची 1890 ची जनगणना 1921 च्या आगीनंतर जवळजवळ पूर्ण गेली, आणि नेमक्या त्या वर्षांत लोवेल, फॉल रिव्हर, वूनसॉकेट, मँचेस्टरच्या गिरण्या फ्रेंच-कॅनेडियन कामगारांनी भरल्या होत्या. तिथल्या 1889 ते 1891 च्या डिरेक्टऱ्या ओळीने घ्या. तिथे आडनावांचं भाषांतर किंवा रूपांतर होई, म्हणून बुआव्हेर असेल तर ग्रीनवूडही बघा, रुआ असेल तर किंग, बन्वा असेल तर बेनवे. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागाच्या, बऱ्याच आवृत्त्यांत मागच्या वर्षीच्या माणसापुढे मृत्यूची तारीख किंवा तो कुठल्या गावी गेला ते छापलेलं असतं. तिथे "कॅनडाला गेला" असा शेरा दिसला, तर पुढचं पान क्वेबेकमध्ये उघडायचं.