‘व्हिडिओच आहे, अजून काय पुरावा पाहिजे?’

शिरपूर-शहाद्याकडच्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरतोय: ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे. शेजारच्या गावातल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. व्हिडिओ सोबत आहे. खोटं वाटत असेल तर खोटं सिद्ध करा. सावध राहण्यात नुकसान काय?’

पाहिलं कोणी? शिरपूरवाला शहाद्याकडे बोट दाखवतो, शहाद्याचा तळोद्याकडे, तळोद्याचा फिरून शिरपूरकडे. कोर्टात पुरावा कसा द्यायचा ते सांगणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ५५ म्हणतं, पाहिल्याची साक्ष पाहणाऱ्यानेच द्यायची. शंभर जणांनी फॉरवर्ड केलं तरी पाहणारा एकही नाही.

आता व्हिडिओ. २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका क्लिपमध्ये मोटारसायकलवरचे दोघं पोर उचलून नेताना दिसत. ती कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढंच कापलेलं. म्हणून तर कायदा विचारतो, कोणत्या यंत्रावर चित्रित झालं, ते कोणाच्या ताब्यात होतं? जालन्याच्या निवडणुकीतल्या खोतकर आणि गोरंट्याल या उमेदवारांचा वाद आठवा. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण, तरी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, मूळ यंत्र हजर नसेल तर हे सगळं लिहून देणारं प्रमाणपत्र हवंच. सरकारी कॅमेऱ्याला ही अट, आणि आपल्या मावसभावाच्या मोबाइलला नाही!

‘खोटं सिद्ध करा’ हे तर उलटंच. त्याच कायद्याच्या कलम १०४ प्रमाणे जो म्हणतो, त्याने सिद्ध करायचं.

राहिलं ‘नुकसान काय?’ १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं.

एक मात्र कबूल. कोर्टाची फूटपट्टी घेऊन कोणी संसार करत नाही. संध्याकाळी पोरांना अंगणातून घरात बोलवायला प्रमाणपत्र लागत नाही, नुसती शंका पुरते. कायदाही शहाण्या माणसाचाच दाखला देतो: त्या परिस्थितीत तो ज्यावर विसंबून वागेल, ते सिद्ध. अनोळखी माणूस दिसला तर ११२ ला फोन करायलाही शंका पुरते. त्याला खोलीत कोंडायला पुरत नाही.