आजीचा शालू कापलेला नाही

इंदूरच्या आपल्या मंडळींत एक निरोप फिरतोय: माझ्या १२ इंची योद्धा बाहुलीचा मध्ययुगीन युरोपी अंगरखा म्हणे आजीचा शालू कापून शिवलाय. हे साफ चुकीचं आहे. शालू कपाटात घडी घालून ठेवलेला आहे. अंगरखा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून आणलेल्या रुबिया या पातळ ब्लाउजच्या कापडाचा. शालूचा काठ चाललाच नसता. १/६ प्रमाणात, म्हणजे खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश मापाच्या बाहुलीवर, २ इंची काठ फूटभर रुंद दिसतो! बाहुली लहान झाली तरी कापडाची जाडी तेवढीच राहते, म्हणून जाड कापड तिच्या अंगावर पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. कडाही मी दुमडत नाही, पातळ फेव्हिकॉलचं बोट फिरवते. साखळीसारख्या कड्यांचं चिलखतही लोखंडी नाही, विणलेल्या लोकरीला चंदेरी रंग दिलाय.