चोर मोठी घरंच बघतो म्हणे

गेले पंधरा दिवस सोलापुरातल्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो. मजकूर थोडक्यात असा: सीआयओ (माहिती-तंत्रज्ञान प्रमुख), सीआयएसओ (माहिती-सुरक्षा प्रमुख) ही पदं म्हणजे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची चैन. आपल्या टॉवेलच्या कारखान्याला, पतसंस्थेला, दवाखान्याला चांगला अँटिव्हायरस, क्लाउड आणि एक हुशार कॉम्प्युटरवाला पोरगा पुरे. हॅकर मोठी घरं बघतात. आणि झालंच काही, तर बोभाटा न करता मिटवावं.

खर्चाचं म्हणणं मला मान्य आहे. पन्नास यंत्रमागांच्या कारखान्याने लाखाच्या पगाराचा अधिकारी नेमावा, असं कुणी म्हणतच नाही. रिझर्व्ह बँकसुद्धा नागरी सहकारी बँकांचे चार स्तर पाडते. ज्याचा कारभार जेवढा डिजिटल, तेवढ्या त्याच्यावर अटी. हे 2019 पासून आहे. बाकीचा मेसेज मात्र पोळवणारा आहे.

‘हॅकर मोठी घरं बघतात.’ अहो, माणूस कशाला बघत बसेल? प्रोग्रॅमच रात्रंदिवस इंटरनेटवरची दारं ढकलत फिरतात. उघडं सापडलं की आत, पाटी कुणाची का असेना. जुलै 2024 मध्ये लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट व्यवस्थेपासून तोडलं आणि सुमारे 300 बँकांचे व्यवहार अडकले. या बँका कोणत्या? सहकारी आणि ग्रामीण, म्हणजे आपल्याच जातकुळीतल्या.

इतकं लांब तरी कशाला जायचं? अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल निर्यातदार. ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत त्याच्या परदेशी गिऱ्हाइकाला मेल गेली: आमचं बँक खातं बदललंय, पैसे नव्या खात्यावर टाका. लेटरहेड तेच, इन्व्हॉइस नंबर तोच. पैसे गेले. मी मेलबॉक्स उघडून बघितला तर सेटिंगमध्ये कुणीतरी एक नियम लावून ठेवलेला: ‘पेमेंट’ शब्द असलेली मेल परस्पर एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये, तीही ‘वाचली’ अशी खूण होऊन. गिऱ्हाइकाने शंका विचारली होती, दोनदा. अकाउंटंटला ती दिसलीच नाही. अँटिव्हायरस चालू होता. मेल क्लाउडवरच होती. पासवर्ड होता कारखान्याचं नाव आणि पुढे 123, तिघांना पाठ. क्लाउडवाला इमारत राखेल हो, पण किल्ली तुम्हीच दाराला लटकवून ठेवल्यावर तो काय करणार? अँटिव्हायरस आणि क्लाउडच्या मुद्द्यावर याहून जास्त बोलायला नको.

आता तो हुशार पोरगा. त्याने चार महिने आधीच सांगितलं होतं, मेलला ओटीपी लावू. मालक म्हणाले, “कशाला बे ते लचांड, राहू दे.” राहिलं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणाऱ्या पोराने मालकाशी हुज्जत कशी घालावी? त्या इंग्रजी पदांमध्ये मला कामाची वाटते ती एकच गोष्ट: तिथे बसलेल्या माणसाला वरच्यालाही ‘नाही’ म्हणता येतं आणि वरच्याला ते ऐकावं लागतं. कारखान्यात हे काम भागीदारांपैकी कुणी एकाने अंगावर घेतलं तरी चालेल. पतसंस्थेत तर आणखी गंमत. युजर तोच उघडतो, बॅकअप तोच घेतो, कुणी कधी लॉगिन केलं तेही तोच तपासतो. रोकड मोजणारा आणि हिशेब तपासणारा एकच नसावा, हे सहकारातल्या माणसाला मी काय शिकवणार? आणि पोराला पुण्यात नोकरी लागली, की अ‍ॅडमिन पासवर्डही हुतात्मा एक्स्प्रेसने त्याच्याबरोबर जातो.

सगळ्यात वाईट सल्ला शेवटचा, मिटवायचा. सर्ट-इन ही सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवावा लागतो, आणि लॉग, म्हणजे कॉम्प्युटरवर कुणी कधी काय केलं याच्या नोंदी, 180 दिवस ठेवावे लागतात. उबरच्या सुरक्षा प्रमुखाचं, जो सुलिव्हनचं, काय झालं बघा. 2016 मध्ये सुमारे 5.7 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. चोरांना 1 लाख डॉलर दिले आणि त्रुटी दाखवल्याचं बक्षीस म्हणून ते खपवलं. हा माणूस आधी सरकारी वकील होता. 2022 मध्ये ज्युरीने त्याला दोषी धरलं ते चोरी झाली म्हणून नव्हे, ती दडवली म्हणून. आणि पतसंस्थेतली माहिती असते कुणाची? सभासदांचं आधार, पॅन, तारण ठेवलेल्या सोन्याच्या नोंदी. ज्याचं गेलं त्यालाच न सांगण्याचा अधिकार संचालकांना कुणी दिला?

आमचे टॉवेलवालेही तीन दिवस गप्प बसले. गिऱ्हाइकाच्या बँकेला लगेच कळवलं असतं तर निदान पैसे अडवायची आशा होती. देशातल्या देशात पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, तोही त्याच तासात.

आता त्यांच्या प्रत्येक इन्व्हॉइसच्या तळाशी लाल अक्षरांत छापलेलं असतं: आमचं बँक खातं मेलवरून बदलत नाही, आधी फोन करा. मेललाही ओटीपी लागला. मालक अजून कुरकुरतात.