फॅमिली डॉक्टरला चार ओळी लिहा

अमळनेरचा पेशंट मोठ्या आजाराला जळगावला नाहीतर धुळ्याला जातो. ऐपत असेल तर नाशिक-मुंबई, आणि पाहुणे असतील तर रेल्वेत बसून थेट सुरत. तिथे तपासण्या होतात, ऑपरेशन होतं, आणि आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा माझ्यासमोर, म्हणजे त्याच्या फॅमिली डॉक्टरसमोर, येऊन बसतो. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत जाडजूड फाईल. तिथल्या तज्ज्ञाला मला काय सांगायचं होतं, ते त्या फाईलीतून मीच हुडकायचं. माझ्या नावाने कागद नसतोच.

आमच्याकडचे एक नाना, वय सत्तरीच्या पुढे. अँजिओप्लास्टी करून आले. फाईलीत बिलं, नर्सिंगच्या नोंदी, मेडिक्लेमच्या झेरॉक्स, आणि या सगळ्यांच्या खाली डिस्चार्ज कार्ड. कार्डावर बीपीसाठी टेल्मिसार्टन लिहिलेली. नाना आधीपासून टेल्मिसार्टनच घेत होते, फक्त दुसऱ्या कंपनीची. जुन्या गोळीचं काय करायचं, याबद्दल कार्डावर एक अक्षर नाही. नानांनी दोन्ही चालू ठेवल्या. शेतात उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून सून घेऊन आली. बीपी ९०/६०. मी दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली, बारीक अक्षरातलं नाव दाखवलं. नाना म्हणाले, "डाक्टरसाहेब, पहिली बंद करानं कोनी सांगंच नही ना!"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. मी हॉस्पिटलला फोन लावला. रिसेप्शनने आधी बिलिंगला दिला, तिथून वॉर्डात. साहेब कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत), वॉर्डातल्या डॉक्टरची, म्हणजे आरएमओची, ड्यूटी बदललेली. शेवटी जे ठरवायचं ते मी ठरवलं. पण स्टेंट, म्हणजे हृदयाच्या नळीतली जाळी, बसवल्यावर ॲस्पिरिनच्या जोडीने देतात ती रक्त पातळ करायची दुसरी गोळी किती महिने द्यायची, हे मी अंदाजाने कसं ठरवणार? ती वेळेआधी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. आणि उद्या नाना दाढ काढायला गेले आणि तिथे कोणी ती परस्पर थांबवली तर? कार्डावर फक्त 'कंटिन्यू' लिहिलंय. कधीपर्यंत, ते नाही.

तज्ज्ञांनी उत्तर लिहावं ही माझी हौस नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत कलम ३.६ आहे. पेशंट तज्ज्ञाकडे पाठवताना पाठवणाऱ्याने त्याच्या आजाराचा सारांश द्यायचा, आणि तज्ज्ञाने आपलं मत त्याला लेखी कळवायचं. २०२३ मध्ये नवे नियम आले, ते त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणजे आजही हेच लागू. किती जण पाळतात? आणि फक्त मोठ्या हॉस्पिटलांना बोल लावून चालणार नाही. आपण फॅमिली डॉक्टर तरी काय पाठवतो? लेटरहेडवर पेशंटचं नाव, 'छातीत दुखतं', खाली सही. कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) मागच्या वेळी किती होतं, काही नाही. समोरच्याला पेशंटच्या घरच्यांकडून 'एक पांढरी, एक गुलाबी' एवढंच कळतं. चिठ्ठीचा उपयोग पेशंट कोणी पाठवला एवढं कळण्यापुरताच उरला असेल, तर ती आपल्या धंद्याला लाज आणणारी गोष्ट आहे.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती 'रिपोर्ट येणे बाकी' या शब्दांची. पित्ताशय काढलं, तुकडा तपासणीला पाठवला, पेशंट घरी आला. टाके सुकले, मका काढायला लागला. रिपोर्ट नंतर हॉस्पिटलात येतो आणि तिथेच पडून राहतो. बहुतेक वेळा त्यात काही नसतं. पण खडे म्हणून काढलेल्या पित्ताशयात कधीकधी कॅन्सर निघतो, हे प्रत्येक सर्जनला माहीत आहे. असा रिपोर्ट कपाटात राहिला तर जबाबदारी कोणाची? माझ्या मते ज्याने तपासणीला पाठवला त्याची. पण बाकी आहे हे मला कळलं, तर मी पेशंटला हाक मारून विचारेन. मी गावातच आहे.

माझ्या दवाखान्यात आता एक रीत आहे. बाहेरून आलेली फाईल पेशंटला उभं ठेवून चाळायची नाही. कंपाउंडर डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढतो, मी संध्याकाळी ओपीडी संपल्यावर वाचतो, रजिस्टरला टिपतो: काय बदललं, काय बंद, कोणती तपासणी कधी. दुसऱ्या दिवशी घरच्यांना सगळ्या गोळ्या घेऊन बोलावतो, जुन्यासुद्धा, आणि मराठीत एक चिठ्ठी लिहून देतो. वेळ जातो. त्याचे वेगळे पैसे मी घेत नाही, पण कोणी घेतले तर मला गैर वाटणार नाही, कारण हे कामच आहे.

आभा नंबरवर, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्यावर, सगळे कागद एकत्र येतील असं २०२१ पासून ऐकतोय. यावेत. पण चाळीस पानं मोबाईलवर आली तरी ती चाळीसच पानं. मला हव्यात चार ओळी: काय झालं, कोणतं औषध का बदललं, कधीपर्यंत, आणि मी कशावर लक्ष ठेवायचं. त्याखाली, फोन उचलला जाईल असा एक नंबर.

अमळनेर, पारोळा, चोपडा इथल्या डॉक्टर मित्रांनो, अर्ध्या पानाचा नमुना मी तयार केलाय. वरचा भाग आपण भरून पाठवायचा, खालचा तज्ज्ञाने भरून परत द्यायचा. हवा असेल त्यांनी मेसेज करा. जळगाव-धुळ्यातले तज्ज्ञही ही पोस्ट वाचत असतील, तर त्या खालच्या भागात आणखी काय असावं ते कमेंटमध्ये लिहा, छापण्याआधी घालतो.