‘ब्लॅक मेसा आहे ना, मग हाफ-लाइफ कशाला?’

हाफ-लाइफ हा व्हॉल्व कंपनीचा १९९८चा नेमबाजीचा व्हिडिओ गेम आणि ब्लॅक मेसा हा त्याचाच चाहत्यांनी नव्याने घडवलेला अवतार. नवख्या माणसाने ‘हाफ-लाइफ कुठून सुरू करू?’ असं विचारलं की ठरलेला सल्ला मिळतो: “१९९८चा गेम सोड, थेट ब्लॅक मेसा घे. गेम तोच आहे, फक्त ग्राफिक्स नवे. झेन, म्हणजे शेवटच्या भागातलं परकं जग, सुधारलंय. आणि जुना आता धड चालतही नाही.”

ब्लॅक मेसा मला मनापासून आवडतो. चाहत्यांनी बनवलेलं हे मॉड (तयार गेमवर बेतलेली हौशी आवृत्ती) सप्टेंबर २०१२मध्ये फुकट आलं, तेही झेनच्या आधीच्या ‘लॅम्डा कोअर’ प्रकरणापर्यंतच. पुढे व्हॉल्वने ते विकायची परवानगी दिली आणि मार्च २०२०मध्ये झेनसकट ते पूर्ण झालं. इतकी वर्षं नेटाने काम करणाऱ्यांबद्दल आदरच आहे. पण हा सल्ला चुकीचा आहे.

आधी ‘चालत नाही’चं बघू. नोव्हेंबर २०२३मध्ये, २५ वर्षं झाली म्हणून, व्हॉल्वने मूळ गेमला मोठं अपडेट दिलं. रुंद स्क्रीन, कंट्रोलर, स्टीम डेक (व्हॉल्वचा हातात धरून खेळायचा पीसी), सगळ्याची सोय झाली. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर तो मजेत चालतो. ब्लॅक मेसाचं झेन तिथे गुडघे टेकतं. अनेकांनी खरं तर २००४चा ‘हाफ-लाइफ: सोर्स’, म्हणजे त्याच गेमची नव्या इंजिनवरची आवृत्ती, खेळलेला असतो. त्यातल्या बग्जचं खापर मूळ गेमवर फोडू नका.

‘गेम तोच आहे’ हे तर अजिबात पटत नाही. गोष्ट तीच, खेळ वेगळा. ‘ऑन अ रेल’मधलं रुळांचं जाळं मॉडने बरंच छाटलंय. कंटाळवाणं होतं म्हणतात, पण त्या बोगद्यांत वाट चुकण्यातच त्या प्रकरणाचा जीव होता. सैनिकांशी होणारी पहिली गाठ आठवा. सुटका झाली म्हणून एक शास्त्रज्ञ सैनिकाकडे धावत जातो आणि सैनिक त्याला तिथेच गोळी घालतो. प्रसंग दोन्हीकडे आहे. पण मूळ गेममध्ये संगीत मोजक्याच जागी वाजतं, बाकी वेळ यंत्रांची घरघर, पावलं आणि सैनिकांच्या वायरलेसची खरखर. त्या शांततेमुळे पुढच्या कोपऱ्यावर कोण असेल याची धास्ती सतत वाटते. मॉडमध्ये जोएल नील्सन यांचं संगीत सुरेख आहे, पण ते लढाईला जोश देतं. धास्ती तेवढी उरत नाही. शिवाय मॉडचे सैनिक इतके नेमके मारतात की मी आडोसा सोडतच नाही. जुन्यात पळता पळता लढता येतं आणि तो वेग मला फार प्रिय आहे.

झेनचं म्हणणं बव्हंशी खरं. मूळ झेन घाईत उरकल्यासारखं वाटतं. मॉडने तिथे अख्खं जग उभं केलं, गोनार्क या अजस्र प्राण्याचा पाठलाग तर अप्रतिम. ‘इंटरलोपर’ हे प्रकरण मात्र नको तितकं ताणलंय.

तरीही मूळ झेन टाळू नका. मॉडमध्ये गुलाम व्होर्टिगॉन्ट (परग्रहवासी) ‘कंट्रोलर’ नावाच्या दुसऱ्या परग्रही जीवांच्या हुकमाखाली लढतात आणि कंट्रोलर मेले की शांत होतात. हे बीज जुन्या गेममध्येच आहे: झेनमधल्या कारखान्यातले काही व्होर्टिगॉन्ट तुम्ही हात उगारेपर्यंत काहीच करत नाहीत. गेम ते कुठेही बोलून दाखवत नाही. तोवर दिसेल त्या व्होर्टिगॉन्टला गोळी घालत आलेल्या खेळाडूने बंदूक खाली करायची की नाही, हे त्याचं त्यानेच ठरवायचं असतं.