घरी कोणाला आणायचे

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीने फोनवर सांगितले की तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या शाळेत पालकांनी मिळून ग्रंथालयातून किशोरवयीन प्रेमकथांच्या कादंबऱ्या काढून टाकायला लावल्या, आणि त्या मागणीवर तिचीही सही आहे. तक्रार दुहेरी होती. या पुस्तकांमुळे मुले नको त्या वयात प्रेमात पडतात ही पहिली. आणि त्यांतले आई-वडील नेहमी वाईटच असतात, त्यामुळे मुलांच्या मनात घराविषयी अढी बसते ही दुसरी. पहिल्या तक्रारीचे मला विशेष काही वाटले नाही, कारण ती प्रत्येक पिढीने केलेली आहे. दुसरीने मात्र मी इतका अस्वस्थ झालो की तेव्हापासून मनातल्या मनात मी बहिणीशी भांडतोच आहे.

मी अमेरिकेत 19 वर्षे राहतो. येथील ग्रंथालयात माझी मुलगी टीन म्हणजे किशोरांच्या विभागातून आधी नोंदवून राखून ठेवलेली पुस्तके स्वतः उचलते, स्वतः परत करते, आणि त्यांत काय आहे हे तिला कोणी विचारत नाही. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ 1967 साली आली तेव्हा लेखिका स्वतः अठरा वर्षांच्या होत्या, आणि त्या कादंबरीतल्या तीन भावांना आई-वडीलच नाहीत. किशोरांसाठीच्या साहित्याला 2000 सालापासून प्रिन्ट्झ पुरस्कार दिला जातो. हे सगळे मी बहिणीला जरा जोरातच ऐकवले. ती म्हणाली, ‘‘दादा, तुमच्याकडेही पुस्तके काढतातच की.’’ ते खरे आहे. युटा राज्याने 2024 साली सरकारी शाळांमधून तेरा पुस्तके हटवली, आणि त्यांत जूडी ब्लूम यांची 1975 सालची ‘फॉरएव्हर’ ही किशोरवयीन प्रेमाची कादंबरी आहे. पण येथे निदान त्यावर उघड वाद होतो, असे मी म्हणालो, आणि विषय बदलला.

मला सांगायचे होते ते वेगळे होते. या कादंबऱ्यांत पालक बिघडलेले, दूर गेलेले किंवा मेलेले असतात, यामागे आई-वडिलांविषयीचा राग नसतो. शहाणे, वेळेवर मदतीला येणारे पालक असतील तर पंधरा वर्षांच्या नायिकेला स्वतः काही ठरवण्याची वेळच येत नाही आणि कथा विसाव्या पानावर संपते. शिवाय पहिले प्रेम म्हणजे घराबाहेरच्या माणसाने आपले घर आतून पाहण्याची पहिली शक्यता असते. या कादंबऱ्यांतला खरा ताण चुंबनापाशी नसतो, तो दारापाशी असतो. मुलगा सोडायला येतो, मुलगी कोपऱ्यावरच निरोप घेते, कारण आत दारू प्यालेले वडील असतात, किंवा तीन दिवस खोलीबाहेर न आलेली आई असते. त्याला आत बोलवायचे की नाही, या एका प्रश्नावर दीडशे पाने उभी राहतात. ज्या मुलांच्या घरात असे काही नाही त्यांना ती प्रेमकथा वाटते. ज्यांच्या घरात आहे, त्यांना आपल्या घराचे वर्णन करणारी वाक्ये आयुष्यात पहिल्यांदा छापलेली दिसतात.

बहिणीने ‘श्यामची आई’चा दाखला दिला. मुलांनी वाचायचे तर असे, ती म्हणाली. ते पुस्तक मीही रडत वाचले आहे, आणि माझ्या टेबलावर आजही आहे. पण साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात जे लिहिले ते काही सुखी घराचे चित्र नव्हे. त्यात कर्जाने घर पोखरलेले आहे, सावकाराची माणसे दारात येऊन आईचा अपमान करतात, आणि मूल ते पाहते. आपण त्यातली आई उचलून देव्हाऱ्यात ठेवली आणि ते घर वाचायचे सोडून दिले. पुढे मराठीत या वयातले प्रेमही आले. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तला नववीतला मुलगा 2004 सालीच आपल्याला भेटला. परंतु ती मोठ्यांनी मोठ्यांसाठी सांगितलेली आठवण आहे. जो आत्ता पंधरा वर्षांचा आहे आणि ज्याच्या घरात आत्ता कलह आहे, त्याच्या हातात आपले कुमारसाहित्य अजूनही बहुधा साहस आणि संस्कार देते.

एका बाबतीत मात्र बहिणीचे म्हणणे मला मान्य करावे लागते, आणि ती बाब लहान नाही. यांतल्या कित्येक कादंबऱ्यांत नायिकेवर पाळत ठेवणारा, तिचा फोन तपासणारा, तिच्या मैत्रिणी तोडायला लावणारा मुलगा हाच खरा प्रेमी म्हणून रंगवलेला असतो, आणि शेवटी त्याच्या प्रेमाने तिचे मोडलेले घरही विसरले जाते. ज्या मुलीने घरात धाक हीच काळजी म्हणून पाहिलेली असते, तिला असा मुलगा ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे तेच सुरक्षित वाटते. अशा पुस्तकाविषयी मुलीशी बोलायला हवे. पण काढून टाकलेल्या पुस्तकाविषयी बोलणार कसे?

हे सर्व मी तावातावाने बोललो आणि मग ज्यासाठी भांडत होतो ते बोलून गेलो. आमचे आई-वडील आठ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. घर एकच होते, पण निरोप आमच्या तोंडून जात. ‘‘तुझ्या वडिलांना सांग, पाहुणे येणार आहेत.’’ ‘‘तुझ्या आईला सांग, मला यायला उशीर होईल.’’ पाहुण्यांसमोर दोघे हसत असत. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि बहीण दहा. या गोष्टीला काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हते. कोणत्याही पुस्तकात असे घर मला भेटले नव्हते, म्हणून असे घर फक्त आमचेच आहे असे मी धरून चाललो होतो. पुढे जिच्याशी लग्न केले तिला लग्नाआधी मी एकदाही घरी नेले नाही. शिक्षणासाठी येथे आलो, नोकरीसाठी राहिलो, असे मी सर्वांना सांगतो, आणि ते खोटेही नाही. पण आई-वडिलांना एका खोलीत बसवून तिची ओळख करून द्यावी लागू नये, हेही त्यात होते. बहीण तेथेच राहिली. वडील गेल्यावर आई तिच्याकडे आली. येथे राहून पुस्तकांच्या स्वातंत्र्यावर बोलण्याची सवड मला मिळाली, ती बहुतांशी तिच्यामुळे.

मी तिला विचारले, ‘‘तुला ते निरोप आठवतात का? तुझ्या मुलीला कधी सांगितलेस का?’’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दादा, हळू बोल. फोन स्पीकरवर आहे, आई बाहेरच्या खोलीत आहे.’’

आणि मी, इतक्या अंतरावर, माझ्या स्वतःच्या घरात, आवाज खाली आणला.