नावात पिसू आहे म्हणून पिसवा पळत नाहीत

अमेरिकेतील आयडाहो राज्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने पशुवैद्याने कुत्र्याला दिलेले गोचीड-पिसवांचे औषध बंद केले आणि त्याच्या अंथरुणाखाली ‘फ्लीबेन’ (म्हणजे ‘पिसवांचा काळ’) म्हणवल्या जाणाऱ्या रानडेझीच्या वाळलेल्या जुड्या ठेवल्या. निमित्त एका फिरत्या संदेशाचे: ‘सेजब्रशच्या (करड्या पानांच्या रानझुडपांच्या) कोरड्या माळावरील फ्लीबेन वाळवून ठेवा, पिसवा आणि गोचीड घरात येणार नाहीत, डेझीच्या कुळात कीटकनाशक असतेच, रोप मुळासकट आणा, कुठेही रुजते.’

ही डेझी म्हणजे एरिजेरॉन प्युमिलस. वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस नटॉल यांनी 1818 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. अंगभर राठ पांढरी लव आणि पिवळ्या केंद्राभोवती पांढऱ्या, कधी फिकट जांभळ्या अरुंद पाकळ्यांची दाटी असलेले हे बुटके रोप आहे. ‘फ्लोरा ऑफ नॉर्थ अमेरिका’ या ग्रंथमालेच्या 2006 च्या 20 व्या खंडात एरिजेरॉनच्या 170 च्या आसपास जाती दिल्या आहेत, आणि त्या ओळखताना अंगावरील लवेची ठेवणसुद्धा बारकाईने पाहावी लागते. संदेश मात्र त्या सर्वांना ‘फ्लीबेन’ म्हणून एकाच जुडीत बांधतो. हे नावही युरोपातील एका जुन्या समजुतीतून आले: अशा वनस्पती वाळवून जाळल्या की पिसवा पळतात. नाव म्हणजे पुरावा नव्हे. आपल्याकडे गाजरगवताला गाजराचे नाव आहे, तरी ते कोणी खात नाही.

मला खरा संताप येतो तो औषध बंद करायला लावणाऱ्या मुद्द्याचा. याच सेजब्रशमध्ये वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत रॉकी माउंटन गोचीड दबा धरून असते, आणि तिच्या चाव्यातून होणाऱ्या स्पॉटेड फीव्हर या जिवाणूजन्य तापावर वेळीच उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. पश्चिमेकडील राज्यांत खारींसारख्या रानटी कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये प्लेग आजही टिकून आहे आणि तो पिसवांमार्फत पसरतो. 1897 चा प्लेग ज्या पुण्याने भोगला, तिथे वाढलेल्या मुलीने पिसवांचा बंदोबस्त वाळलेल्या फुलांवर सोपवावा, हे मला सहन होत नाही.

कीटकनाशकाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पायरेथ्रम हे कीटकनाशक डेझीच्याच कुळातील एका फुलापासून मिळते. पण ती बाल्कन प्रदेशातील डाल्मेशियाची वेगळी वनस्पती आहे. कुळ एक असल्याने गुण एक होत नाहीत, नाहीतर सूर्यफुलाच्या शेतातही कीड लागली नसती.

राहिले रोप उपटून आणणे. कोरड्या जमिनीत खोल गेलेले सोटमूळ खणताना तुटते. बहिणीने आणलेल्या तिन्ही रोपांनी कुंडीत माना टाकल्या आहेत.